उघड्या थारमध्ये अलार्मचा मोशन सेन्सर कुठला आणि कुठे बसवावा?

दापोलीहून एका थारवाल्यांनी विचारलंय. गाडी जुनी थार सीआरडीई, कापडी हूडची. घर समुद्राजवळ, गाडी अंगणात उघड्यावर उभी असते. बाहेरून अलार्म बसवून घेतला, त्याच्यासोबत अल्ट्रासॉनिक सेन्सर आला, तो विंडस्क्रीनच्या दोन्ही पिलरवर लावलाय. वारा सुटला की रात्रीत दोन-तीनदा सायरन बोंबलतो, शेजारी वैतागलेत. उन्हाळ्यात हूड काढून ठेवलं तर उलटंच, कुणी सीटवर हात टाकून बॅग उचलली तरी अलार्म गप्प. सेन्सिटिव्हिटी कमी-जास्त करून झाली, उपयोग नाही. तर दुसरा कुठला सेन्सर लावावा, कुठे लावावा, की उघड्या गाडीत हा नादच सोडावा? शिवाय पुढेमागे फायबरचा हार्डटॉप बसवायचा विचार आहे, तेव्हा हे सगळं पुन्हा बदलावं लागेल का, हेही विचारलंय.

नाद सोडू नका. उघड्या जीपला मोशन सेन्सर नीट चालतो, आमच्याकडे जिप्सी, थार, जुन्या एमएम ५४० अशा बऱ्याच गाड्यांना बसवलेला आहे आणि पावसाळे काढतो आहे. फक्त तुमच्या गाडीत लावलेला प्रकार या गाडीचा नाही. तो बंद काचांच्या गाडीसाठी असतो, आणि तिथे तो चांगलं काम करतो. फिटिंगवाल्याने किटमध्ये होता म्हणून लावून दिला.

अल्ट्रासॉनिकचं काम आवाजावर चालतं. एका पिलरवरचा डबा ४० किलोहर्ट्झचा, म्हणजे आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो, दुसरा ऐकतो. बंद केबिनमध्ये तो आवाज काचा, छत, सीट यांवर आपटून ठरावीक पद्धतीने परत येतो. आत काही हललं की परत येणाऱ्या आवाजात फरक पडतो, आणि तो फरक म्हणजे चोर. आवाज जातो हवेतून. हवाच हलायला लागली की आवाज हलतो, आणि सेन्सरला वाटतं आत कुणीतरी आहे. किनाऱ्यावर संध्याकाळी-रात्री वाऱ्याची दिशा बदलते, हूडच्या कडांतून, साइड पडद्यांच्या चेनमधून हवा आत शिरते, कापड फडफडतं. या सेन्सरच्या दृष्टीने रात्रभर गाडीत कुणी ना कुणी फिरतंय. हूड काढलं की आवाज वर आकाशात निघून जातो, परत फारसा येतच नाही. मग आतला माणूस दिसणार कसा? तुमच्या दोन्ही तक्रारींचं कारण एकच आहे, आणि सेन्सिटिव्हिटीचा स्क्रू फिरवून ते जात नाही.

लोक मग म्हणतात, पीआयआर लावू, घराच्या गेटवर असतो तसा, उष्णतेवर चालणारा. तोही नको. उन्हात तापलेली काळी सीट, संध्याकाळी भरभर थंड होणारा पत्रा, आत येणारं थेट ऊन, यात तो गोंधळतो.

तुम्हाला हवा तो मायक्रोवेव्ह सेन्सर. बाजारात त्याला कुणी रडार सेन्सर म्हणतं, कुणी मायक्रोवेव्ह. युरोपातल्या बऱ्याच कन्व्हर्टिबल गाड्यांत कंपनीच आतल्या हालचालीसाठी हाच प्रकार देते, त्याचं कारण साधं आहे: रेडिओ लहरींना हवा दिसत नाही. वारा सुटो, गरम हवा वर जावो, रडारला त्याचं काही नाही. कोरडं कापड, प्लास्टिक, फोम, रेक्झिन यांतूनही लहरी बिनबोभाट पार होतात. अडवतो तो पत्रा, आणि परतवतं ते पाणी. माणसाचं शरीर बहुतांशी पाणीच असल्यामुळे हात आत आला की लहर परत फिरते. हालणाऱ्या हातावरून परतलेल्या लहरीची फ्रीक्वेन्सी किंचित बदललेली असते, आणि सेन्सर तेवढाच फरक बघतो. बऱ्याच सेन्सरमध्ये १०.५२५ गिगाहर्ट्झचं मॉड्यूल असतं. त्यावर सेकंदाला १ मीटर वेगाने हललेल्या वस्तूमुळे साधारण ७० हर्ट्झचा फरक पडतो. हा ७० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

घेताना दोन गोष्टी बघा. एक, रेंज स्क्रूने कमी करता येते का, आणि किती कमी. तुम्हाला एक-दीड मीटरच हवी आहे. दुसरी, दोन टप्पे आहेत का. पहिल्या टप्प्यात कुणी वाकून आत डोकावलं तर नुसते दोन-तीन चिर्प, म्हणजे सायरनचे छोटे टिट-टिट आवाज, दुसऱ्यात हात आत आला तर पूर्ण सायरन. दोन टप्प्यांचा सेन्सर थोडा महाग पडतो, पण अंगणात पोरं, पाहुणे, मांजरं असतात, त्यामुळे तुमच्यासारख्या ठिकाणी तोच घ्यावा. हौशी मंडळी आरसीडब्ल्यूएल-०५१६ नावाची छोटी स्वस्त पाटी मागवून लावतात. शिकायला छान, गाडीत नको. ती चहूकडे पाच-सात मीटरपर्यंत बघते आणि रेंजसाठी तिच्यावर स्क्रूही नाही. रस्त्यावरून गेलेला प्रत्येक माणूस तिला दिसणार.

आता जागा. खरा खेळ इथेच आहे, आणि सगळ्यात जास्त घाईही इथेच होते.

बंद गाडीला भिंती असतात. तुमच्या गाडीला वरचा अर्धा भाग नाहीच, म्हणून सेन्सरची हद्द आपल्याला आखून द्यावी लागते. जीपच्या धाटणीच्या गाडीत ती आखायला फुकटचं साधन आहे: खालचा पत्र्याचा टब आणि दारांचा पत्रा. सेन्सर जर दाराच्या वरच्या कडेपेक्षा बराच खाली बसवला, तर बाजूने चालत गेलेल्या माणसाचे पाय आणि कंबर पत्र्याआड राहतात. सेन्सरला दिसतं ते फक्त वर उघडं असलेलं आभाळ आणि त्यातून आत येणारं काहीही. म्हणजे हात दाराच्या कडेवरून आत आला की पकडला, बाहेर राहिला की सुटला. हेच डॅशबोर्डवर बसवलं तर लहरी विंडस्क्रीनच्या काचेतून थेट पुढे जातात आणि बॉनेटसमोरून गेलेली गायसुद्धा अलार्म वाजवते. बहुतेक फिटिंगवाले वायर जवळ पडते म्हणून डॅशबोर्डखालीच चिकटवतात. तिथे नको म्हणून सांगा.

दोन्ही पुढच्या सीटच्या मधोमध, हँडब्रेकच्या मागे, फ्लोअरपासून साधारण २५ ते ३० सेंटीमीटर उंचीवर, प्लास्टिकच्या कन्सोल बॉक्सच्या आत, तोंड वर आणि किंचित मागे. ही माझी नेहमीची जागा. कन्सोल नसेल तर जाड एबीएस प्लास्टिकचा छोटा डबा करून घ्या. पत्र्याची पट्टी वापरायची नाही, आणि सेन्सरच्या तोंडासमोर हँडब्रेकचं लोखंड, स्पीकरचं चुंबक, पाण्याची बाटली असलं काही येऊ द्यायचं नाही. डबा फ्लोअरला घट्ट बसला पाहिजे. सैल बसला तर गाडी नाही, सेन्सरच हलतो, आणि सेन्सरसाठी ते सगळी गाडी हलल्यासारखंच असतं. कन्सोलमध्ये सुटी नाणी आणि चाव्या ठेवायची सवय असेल तर तीही सोडा.

मागच्या सीटवर किंवा डिकीच्या भागात सामान ठेवत असाल आणि पाहुण्यांच्या बॅगा तिथेच असतील, तर एक सेन्सर तिथपर्यंत पोचवायला रेंज वाढवू नका. रेंज वाढली की ती चारी बाजूंना वाढते. त्यापेक्षा मागे दुसरा सेन्सर लावा, दोन्ही कमी रेंजवर. अलार्मला सेन्सरचं एकच सॉकेट असेल तरी जमतं. सेन्सरची ट्रिगर वायर बहुतेक वेळा अर्थ देते, म्हणजे हालचाल दिसली की ती वायर शून्यावर येते. दोन्ही सेन्सरच्या ट्रिगर वायरमध्ये एकेक १एन४००७ डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा पार्ट, घाला, पट्टीची बाजू सेन्सरकडे, दुसरी बाजू अलार्मकडे. मग एकाचं दुसऱ्यात जात नाही. दोन टप्प्यांच्या सेन्सरला ट्रिगर वायर दोन असतात, तेव्हा डायोड चार लागतील.

वायरचे रंग सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात. एकात लाल प्लस, काळी अर्थ, निळी ट्रिगर, तर दुसऱ्यात निळी चक्क प्लसला. कपलर बसतो म्हणजे जोडणी बरोबर असं समजू नका. मल्टिमीटर लावून अलार्म चालू आणि बंद, दोन्ही स्थितीत प्रत्येक पिन मोजा. काही अलार्म सेन्सरला अर्थ फक्त लॉक केल्यावर देतात. हे चांगलं असतं, गाडी चालू असताना सेन्सर झोपलेला राहतो. उभ्या गाडीत सेन्सर २० मिलिअँपिअर खातो असं धरलं तर दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-अवर जातो. महिनाभर गाडी हलली नाही तर साडेचौदा. बॅटरी नवी असेल तर चालून जातं, जुनी असेल तर सकाळी सेल्फ मारताना कळेल. सेन्सरच्या प्लसला १ अँपिअरचा वेगळा फ्यूज घाला.

समुद्राजवळच्या गाडीत मला सगळ्यात जास्त काळजी असते ती जोडांची. वायर सोलली, पिळली, वर काळी टेप मारली, असं काम घाटावर दोन-तीन वर्षं तग धरेल, दापोलीत एक पावसाळा पुरे. टेप सोडवून बघा, आत तांबं हिरवं पडलेलं असतं आणि बोटात धरलं की भुरभुर तुटतं. जोड सोल्डर करा आणि त्यावर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह चढवा, गरम केल्यावर दोन्ही टोकांना गोंद बाहेर आलेला दिसला पाहिजे. डबा सील करायला सिलिकॉन वापरणार असाल तर ट्यूब उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर तो सिलिकॉन वायरिंगजवळ आणू नका. सुकताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि बंद डब्यात ते तांबं खात बसतं. न्यूट्रल सिलिकॉन मागा, थोडा महाग मिळतो. आणि डबा वरून पूर्ण सील केला तरी तळाला एक बारीक भोक राहू द्या. आत ओल ही येतेच, तिला बाहेर जायला वाट हवी. वायर डब्यात खालून वर चढवत न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी आत न शिरता वाकणावरून खाली टपकेल. मुख्य अलार्म युनिटही असंच, डॅशबोर्डखाली जितकं वर जाईल तितकं वर, कपलरचं तोंड खाली.

ॲडजस्टमेंटला निवांत वेळ द्या, आणि ती गॅरेजमध्ये करू नका. जुन्या गॅसच्या ट्यूबलाइटमधला गॅस ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा पेटतो-विझतो, आणि प्रत्येक वेळी लहर थोडी परतवतो. मघाचा हिशोब लावा: १०० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला साधारण १.४ मीटर, माणसाच्या चालण्याचा वेग. छतावरच्या दोन ट्यूब सेन्सरला चालत्या माणसासारख्या दिसतात. मग फिटिंगवाला सेन्सिटिव्हिटी कमी करत जातो आणि घरी आल्यावर सेन्सरला काहीच दिसत नाही. उलट तुमच्या पडवीत ट्यूब असेल आणि गाडी अगदी तिच्या खालीच उभी राहत असेल, तर ॲडजस्टमेंट ट्यूब चालू ठेवूनच करा.

स्क्रू सगळ्यात कमीवर ठेवून सुरुवात करायची. कुणी आत बसायचं नाही, बाहेरूनच लांब स्क्रूड्रायव्हरने स्क्रू फिरवायचा, प्रत्येक वेळी अर्ध्या मिनिटाची वाट बघायची. हूड काढून, दुसऱ्याने दाराच्या कडेवरून सावकाश हात आत न्यावा. झटकन नको, चोर सावकाशच येतो. दोन्ही दारं, दोन्ही मागच्या बाजू, मागचं तोंड. सगळीकडून हात कोपरापर्यंत आत गेला की सायरन वाजला पाहिजे. मग तोच माणूस गाडीभोवती हाताच्या अंतरावरून फिरेल, तेव्हा वाजता कामा नये.

हे जमलं की हूड चढवा आणि पाइपने ते चिंब भिजवा. ही पायरी जवळजवळ कुणीच करत नाही, आणि कोकणात हीच सगळ्यात महत्त्वाची. कोरडं कापड रडारला दिसत नाही, ओलं कापड दिसतं. त्याच्यावरचा पाण्याचा थर लहर परतवतो, आणि तो थर वाऱ्याने फडफडायला लागला की सेन्सरसमोर एक मोठी हलती भिंत उभी राहते. भिजल्या हुडावर टेबल फॅन पूर्ण वेगाने मारा, माणसाकडून कापड बाहेरून हलवून घ्या. वाजला तर आधी कापडाचे पट्टे आणि बटणं ताणून बसवा, मधल्या कमानींवर कापड ढिलं राहू देऊ नका. तरी वाजला तर स्क्रू थोडा मागे. मग पुन्हा हूड काढून हाताची चाचणी. या दोन टोकांच्या मध्ये जी जागा सापडेल ती तुमची. काही सेन्सरमध्ये ठरावीक सेकंदांत दोनदा हालचाल दिसली तरच वाजण्याची सोय असते, ती असेल तर जरूर चालू करा. आणि दोन्ही टोकं एकाच स्क्रूवर जमतच नसतील, तर हुडाच्या चौकटीवर चुंबक आणि बॉडीवर रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आलं की चालू होणारा स्विच, लावा: हूड चढलं की रडारचा फक्त चिर्पचा टप्पा चालू, उतरलं की दोन्ही टप्पे. चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला एका छोट्या रिलेचं काम आहे.

आरशाला लटकवलेली माळ, सीट बेल्टचे सुटे बकल, पुढे टांगलेलं लिंबू-मिरची, हे सगळं वाऱ्यात झुलतं आणि सेन्सरच्या डोळ्यासमोर झुलतं. माळ काढा. लिंबू-मिरची बंपरला बांधा, तिथे पत्र्याआड आहे. मांजराचं म्हणाल तर मांजर सीटवर येऊन बसलं की सेन्सर ते बघणारच. माझा आग्रह असतो की माणसाचा हात पकडता येत असेल तर मांजरासाठी आणखी कमी करू नये. वानरं येत असतील तर चिर्पचा टप्पा त्यांना बहुधा पुरतो.

मोशन सेन्सर एकटा ठेवू नका. उघड्या गाडीत चोराला दार उघडावंच लागत नाही, त्यामुळे डोअर स्विचवर फार भिस्त नाही, पण बॉनेटचा स्विच हवाच. जुन्या जीपच्या धाटणीच्या गाड्यांत बॉनेट बाहेरच्या क्लिपांनी उघडतं. उघडलं, बॅटरीचं टर्मिनल काढलं की तुमचा सगळा अलार्म मेला. म्हणून बॉनेटखाली पिन स्विच, म्हणजे बॉनेट उचललं की अलार्मला कळवणारा, आणि सायरन आतल्या बॅटरीचा, म्हणजे वायर कापली तरी वाजत राहणारा. स्टेपनी आणि चाकं चोरीला जाण्याची भीती असेल तर टिल्ट सेन्सर लावा. गाडी लॉक करताना ती ज्या कलात उभी आहे तो कल तो लक्षात ठेवतो, त्यामुळे उतारावरच्या अंगणातही चालतो. चाकांमधलं अंतर साधारण १४५ सेंटीमीटर धरा, एक बाजू जॅकने १० सेंटीमीटर उचलली की कल जवळपास ४ अंशांनी बदलतो, एवढा बदल त्याला सहज कळतो. वाऱ्याने गाडी डुलते, पण तेवढी नाही. गाडीला बसलेला धक्का ओळखणारा शॉक सेन्सर किटमध्ये असेलच, तो बॉडीच्या जाड भागाला स्क्रूने बसवा आणि मध्यम ठेवा. इंजिन सुरू होऊ न देणारा रिले सेल्फच्या वायरमध्येच घाला, चालत्या इंजिनच्या कुठल्याही सप्लायमध्ये नको. नाहीतर कधी रिलेने दगा दिला तर घाटात चालत्या गाडीचं इंजिन बंद पडेल.

नवीन थार, म्हणजे २०२० नंतरची, सॉफ्ट टॉपची असेल तर तत्त्व हेच, फक्त कंपनीच्या हार्नेसमध्ये, म्हणजे मूळ वायरिंगच्या जुडग्यात, वायर कापू नका. कपलर-टू-कपलर जोडणी मिळते ती घ्या, वॉरंटीचा वाद नको.

तुमच्या पिलरवरचे अल्ट्रासॉनिकचे डबे काढून टाका. त्यांची ट्रिगर वायर मात्र नुसती कापून डॅशबोर्डमागे लोंबती ठेवू नका. ती पत्र्याला टेकली की अलार्मला अर्थ मिळतो आणि सायरन वाजतो, मग तुम्ही नव्या सेन्सरला दोष देत बसाल. युनिटच्या कपलरमधून पिनच बाहेर काढा.

आणि हार्डटॉपचं. फायबरचा हार्डटॉप आला तरी हाच रडार, याच जागी राहील. फायबर लहरींना अडवत नाही आणि ते फडफडतही नाही, त्यामुळे भिजल्या हुडासाठी तुम्ही जेवढा स्क्रू मागे घेतला असेल तेवढा थोडा पुढे आणता येईल. फक्त त्यावर पत्र्याचं कॅरियर बसवणार असाल तर ते बसवल्यानंतरच पुन्हा हाताची चाचणी करा, कारण वरचा पत्रा लहरी खाली परतवतो आणि रेंज वाढल्यासारखी वागते. हार्डटॉप आल्यावर अल्ट्रासॉनिकही चालेल असं कुणी सांगेल. काचा सरकत्या असतील आणि तुम्ही त्या उघड्या ठेवणार असाल, तर चालणार नाही.